नवापूर : ५२८ तास

उरले ५२८ तास
शुक्रवार, २७ जानेवारी २००६

प्रजासत्ताक दिनाचा दुसरा दिवस. नाशिक विभागाच्या वायव्य टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात, अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये मर लागली. साथीची सुरुवात साधारण या तारखेपासून धरतात. तिथून १८ फेब्रुवारीच्या संध्याकाळपर्यंत, म्हणजे बर्ड फ्लू हे या रोगाचं खरं नाव सरकारने उच्चारेपर्यंत, बावीस दिवस गेले. तासांत मोजले तर ५२८. अख्खी शेड रिकामी करायला या विषाणूला ४८ तास पुरतात, म्हणून हा हिशोब तासांतच मांडायला हवा.

नवापूर आधी डोळ्यांसमोर आणा. तुरीच्या डाळीसाठी ओळखला जाणारा आदिवासी तालुका. सुरत-धुळे महामार्ग गावाला लागून जातो आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग गावातून. या लोहमार्गावरचं नवापूर स्थानक दोन राज्यांत विभागलेलं आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. सीमेपलीकडे लगेच उच्छल. महामार्ग, जवळ आलेली सुरतेची बाजारपेठ आणि स्वस्त मजुरी यांमुळे इथे लेयर पोल्ट्री वाढली. एकाच्या शेडपासून दुसऱ्याची शेड हाकेच्या अंतरावर. खाद्याची गाडी, अंड्यांचे ट्रे, औषधविक्रेता, लस टोचणारा माणूस असं सगळं या शेडमधून त्या शेडमध्ये फिरणारं. गावात आणि पाड्यांवर घरटी पाच-दहा गावठी कोंबड्या, त्या वेगळ्याच.

पहिले ४८ तास

लेयर शेडमध्ये सकाळचं पहिलं काम म्हणजे मेलेल्या कोंबड्या बाहेर काढणं. हजारो पक्ष्यांच्या कळपात रोज एखाद-दुसरी मरतूक असतेच, तिची कोणी चिंता करत नाही. चिंता सुरू होते ती आकडा दुप्पट-चौपट होऊ लागला की. बर्ड फ्लूच्या घातक प्रकारात तसंच होतं. अंडी एकाएकी घटतात, काही मऊ कवचाची येतात. पक्षी खाद्याला तोंड लावत नाहीत. तुरे आणि गळ्याच्या लोंबत्या निळ्या-जांभळ्या पडतात, डोकं सुजतं, पायांच्या पिसं नसलेल्या भागावर रक्ताचे डाग उमटतात. कित्येकदा यातलं काहीच दिसत नाही. रात्री धडधाकट असलेली कोंबडी सकाळी पिंजऱ्यात मेलेली सापडते.

हे पाहणाऱ्या पोल्ट्रीवाल्याकडे या प्रकाराला एक तयार नाव होतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत. त्या रोगात पक्षी मान वाकडी करतो, हिरवट हगवण लागते, धाप लागते आणि कळप झपाट्याने मरतो. हा रोग आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांचा. त्यावर लस आहे आणि लेयरच्या लसीकरणाच्या तक्त्यात लासोटा ही राणीखेतची लस नाही असा पोल्ट्रीवाला सापडणार नाही.

पहिला प्रश्न इथेच पडायला हवा होता. राणीखेतची लस वेळापत्रकानुसार दिलेला कळप राणीखेतने असा आडवा होत असेल, तर एक लस तरी वाया गेली असणार किंवा रोग तरी वेगळा असणार. दोन्ही शक्यतांचं उत्तर एकच होतं, ते म्हणजे नमुना प्रयोगशाळेत पाठवणं. पण शेजारच्याची शेड मरत असताना आपली वाचेल या आशेवर माणूस आणखी एक लस टोचतो, पाण्यातून आणखी एक औषध देतो, आणि मेलेले पक्षी बांधाला खड्डा खणून पुरतो.

उरले चारशेहून अधिक तास

फेब्रुवारी उजाडला. मेलेल्या पक्ष्यांची मोजणी हजारांत गेली आणि तरीही मानमोडी हे नाव टिकून राहिलं. हे अज्ञानाने झालं असं म्हणणं सोपं आहे, पण ते पोल्ट्रीवाल्यावर अन्याय करणारं आहे. त्या नावाला बाजारात किंमत होती. मानमोडी म्हटलं की नुकसान त्या शेडपुरतं. बर्ड फ्लू म्हटलं की दुसऱ्या दिवशीचा अंड्याचा भाव पडणार, नुसता नवापूरचाच नाही, नाशिकचा, पुण्याचा, आंध्रातला, तमिळनाडूतल्या नामक्कलचासुद्धा. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे भाव देशभरातल्या केंद्रांसाठी रोज जाहीर होतात. एका तालुक्याची बातमी सबंध देशाच्या भावात उतरायला एक रात्र लागते.

मग पहिला फोन कोणी करायचा? ज्याने केला त्याची अंडी त्याच दिवशी कोणी उचलणार नाही. खाद्याचा व्यापारी उधारी मागायला दारात येईल. बँकेचा हप्ता थांबणार नाही. शेजारचे पोल्ट्रीवाले, जे उद्या ग्राहकासाठी त्याच्याशी स्पर्धा करणार आहेत, ते त्याला धंदा बुडवणारा म्हणतील. आणि गप्प राहिलेल्याला आणखी आठवडाभर अंडी विकता येतील. ज्या धंद्यात खरं बोलणाऱ्याचा तोटा पहिला आणि सर्वांत मोठा, तिथे रोगाची बातमी मेलेल्या कोंबड्यांच्या वासानेच बाहेर येणार, माणसाच्या तोंडून नाही. नवापूरची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती यासाठी. विषाणू बाहेरून आला असेल, पण त्याला बावीस दिवसांची मोकळीक मिळाली ती आपल्या बाजाराच्या रचनेतून.

भरपाईची रचनाही गप्प बसायलाच शिकवणारी होती. सरकार पैसे देतं ते त्याने स्वतः मारलेल्या पक्ष्यांचे; रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्याला काही नाही. लवकर कळवण्यात फायदा आहे असं या नियमावरून कागदावर वाटतं. पण रोगाला नाव मिळेपर्यंत भरपाईचा विषयच निघत नाही, आणि नाव मिळेपर्यंत निम्मी शेड गेलेली असते. पशुरोगाची माहिती देणं मालकावर बंधनकारक करणारा केंद्राचा कायदा आला तो २००९मध्ये.

उरले २४० तास
बुधवार, ८ फेब्रुवारी

नायजेरियातल्या कडुना प्रांतात एका मोठ्या पोल्ट्रीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडल्याचं जाहीर झालं. आफ्रिका खंडातली ती पहिली नोंद. त्याआधी जानेवारीत तुर्कस्तानात कोंबड्यांशी खेळणारी मुलं या रोगाने गेली होती. त्याच्याही आधी, २००५च्या वसंतात, चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले होते आणि तिथून हा विषाणू पश्चिमेकडे पसरत निघाला होता.

नवापुरात त्या दिवशीही लस टोचणं चालू होतं.

उरले १६८ तास
शनिवार, ११ फेब्रुवारी

इटली आणि ग्रीसमध्ये मेलेल्या हंसांत विषाणू सापडला.

उरले ९६ तास
मंगळवार, १४ फेब्रुवारी

जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावर हंस. इराणमध्येही हंस. नकाशावर खुणा केल्या तर भारत दोन्ही बाजूंनी वेढला गेला होता आणि मधोमध कोरा होता. तो कोरेपणा खरा नव्हता, हे नवापूरच्या खड्ड्यांत पुरलेल्या पक्ष्यांनी सिद्ध व्हायचं होतं.

शेवटचे तास : भोपाळ

मेलेला पक्षी किंवा त्याच्या श्वासनलिकेतला आणि विष्ठामार्गातला स्राव बर्फात घालून पाठवायचा, तर त्या काळी देशात या निदानासाठी शेवटचा शब्द असलेली जागा एकच होती : भोपाळची उच्चसुरक्षा पशुरोग प्रयोगशाळा. भारतीय कृषी संशोधन परिषदेची. आत जाताना कपडे बदलायचे, बाहेर येताना आंघोळ करायची, हवा आतच गाळून घ्यायची, अशी ती इमारत. नवापूरहून नमुना निघायचा, तो जिल्ह्याचं कार्यालय, विभाग, पुणे असे टप्पे घेत. प्रत्येक टप्प्यावर एक पत्र आणि प्रत्येक पत्रामागे एक दिवस.

तिथे पोचल्यावर मात्र कामाला शिस्त असते. नमुन्यातला द्रव नऊ ते अकरा दिवसांच्या फलित अंड्यांत टोचतात. विषाणू घातक असेल तर आतलं पिल्लू एक-दोन दिवसांत मरतं. मग अंड्यातला द्रव काढून तो कोंबडीच्या रक्तपेशींवर टाकतात. पेशींचं जाळं जमलं म्हणजे असा काही विषाणू त्यात आहे हे कळतं. पण नवापूरच्या बाबतीत इथेच मोठी फसगत होऊ शकली असती, कारण राणीखेतचा विषाणूदेखील रक्तपेशींचं नेमकं असंच जाळं करतो. दोघांतला फरक कळतो तो पुढच्या पायरीवर. एकेका रोगाविरुद्धचा ठाऊक असलेला रक्तद्रव घालून पाहायचा आणि कोणता द्रव ते जाळं अडवतो ते बघायचं. त्याच्या जोडीला जनुकीय तपासणी, जी काही तासांत उत्तर देते.

म्हणजे शेडमध्ये डोळ्यांनी पाहून ‘मानमोडीच आहे’ असं छातीठोक सांगणं कोणालाही शक्य नव्हतं. पोल्ट्रीवाल्याला नाही, तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला नाही, कंपनीच्या डॉक्टरालाही नाही. आणि उत्तर द्यायला प्रयोगशाळेला लागणारा वेळ दिवसांत मोजण्याएवढाच होता. ५२८ तासांतला फार थोडा भाग विज्ञानाने घेतला. उरलेला शंका, भीती, सल्ला आणि टपाल यांनी.

उरले २४ तास
शुक्रवार, १७ फेब्रुवारी

इजिप्तमध्ये विषाणू सापडला. इकडे नवापूर भागातला एक तरुण पोल्ट्रीचालक तापाने आजारी होऊन सुरतेत दगावला, आणि कुजबूज गावाबाहेर गेली. त्याच्या मृत्यूचं कारण बर्ड फ्लू नव्हतं, हे पुढे तपासणीत स्पष्ट झालं. साथीच्या त्या सबंध काळात महाराष्ट्रात एकाही माणसाला या विषाणूची लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. पण शुक्रवारी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पोल्ट्रीत उघड्या हातांनी मेलेले पक्षी उचलणारे मजूर, ज्यांना मास्क म्हणजे काय हेही कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी तीन आठवडे हे काम केलं होतं.

शून्य
शनिवार, १८ फेब्रुवारी

भोपाळचा निर्णय आला : एच५एन१. भारतातली पहिली नोंद. राज्याचे पशुसंवर्धन मंत्री अनीस अहमद यांनी ती जाहीर केली. केंद्रात कृषी खातं शरद पवारांकडे होतं, राज्यात विलासराव देशमुख मुख्यमंत्री. त्याच दिवशी फ्रान्सनेही आपल्याकडे एका रानबदकात हाच विषाणू सापडल्याचं सांगितलं.

अंडी-कोंबडी उद्योगाच्या नेत्यांनी निदानावर जाहीर शंका घेतली. ही राणीखेतच आहे, असं ते म्हणत राहिले. पुढे नवापूरच्या विषाणूची जनुकीय मांडणी तपासली गेली तेव्हा तो छिंगहाय सरोवरातून निघालेल्या वंशावळीतला निघाला. पण तोवर त्या शंकेने आपलं काम केलं होतं. लोकांना वाटलं, जाणकारच भांडताहेत, म्हणजे चिकन न खाल्लेलं बरं. निदान मान्य करून ‘शिजवलेलं मांस सुरक्षित आहे’ एवढंच ठामपणे सांगितलं असतं तर बाजार याहून लवकर सावरला असता, असं माझं मत आहे.

अधिक २४ तास
रविवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. सुट्टीचा दिवस. नवापुरात पांढरे झगे, गॉगल आणि मास्क घातलेली पथकं उतरली. तीन किलोमीटरच्या परिघातला प्रत्येक पक्षी मारायचा, दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची. मारणाऱ्यांना ऑसेलटामिविर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या. जेसीबीने खणलेले खड्डे, त्यात पक्षी, वर चुना, वर माती. अंडीही पुरली, खाद्यही. आरोग्य खात्याचे लोक घरोघर ताप मोजत फिरले आणि माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत रवाना झाले.

पोल्ट्रीवाल्यांना पक्ष्यामागे चाळीस रुपयांच्या आसपास मिळणार होते. पाड्यांवरचं दुःख वेगळं होतं आणि त्याची बातमी फारशी झाली नाही. भिल्ल, मावची, कोकणी घरांत कोंबडी म्हणजे अडीनडीचा पैसा, पाहुण्याचा मान आणि देवाचा नवस. ती कधीच आजारी पडलेली नव्हती. पण ती परिघाच्या आत होती.

परीघ नकाशावर गोल होता, प्रशासन मात्र राज्याच्या सीमेपाशी थांबत होतं. पलीकडच्या उच्छलसाठी आदेश गुजरातचा, पथक गुजरातचं. आठवड्याभरात उच्छलचे नमुनेही बाधित निघाले.

अधिक ४८ तास, आणि पुढे

रेल्वेने जेवणातून चिकन आणि अंडी काढली. विमान कंपन्यांनीही. संसदेच्या उपाहारगृहातसुद्धा ती बंद झाली. नाशिक जिल्ह्यात एकही पक्षी या रोगाने मेला नव्हता, पण सिन्नर, निफाड, दिंडोरीच्या पोल्ट्रीवाल्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. करार पद्धतीत पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं आणि शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची. वाढवणावळ किलोमागे मिळते. विक्री थांबली की कंपनी पुढची पिल्लं टाकत नाही, आणि कर्ज काढून बांधलेली शेड रिकामी राहते. मक्याची मागणी पडते, म्हणजे कोंबडी कधीच न पाळलेला येवल्याचा मका उत्पादकही या साखळीत ओढला जातो.

१४ मार्चला जळगाव जिल्ह्यात रोग सापडला. या वेळी मोठ्या शेडमध्ये नव्हे, गावच्या परसातल्या कोंबड्यांत. महिन्याअखेरीस सीमेपलीकडे मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर. तिन्ही राज्यं धरून त्या वर्षी दहा लाखांहून जास्त पक्षी मारले गेले.

२३ मार्च २००६
वॉशिंग्टन डी.सी.

जळगावच्या नोंदीनंतर नऊ दिवसांनी अमेरिकेत एक दावा दाखल झाला. तो मला नवापूरच्या शेजारी ठेवून वाचावासा वाटतो, कारण तिथे हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला होता. कॅन्सस राज्यातली क्रीकस्टोन फार्म्स ही गोमांस कंपनी. २३ डिसेंबर २००३ला वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायीत ‘मॅड काऊ’ रोग आढळल्याचं जाहीर झालं आणि जपानने लगेच अमेरिकी गोमांस बंद केलं. जपान स्वतःच्या कत्तलखान्यात येणारं प्रत्येक जनावर २००१पासून तपासत होता. क्रीकस्टोन म्हणाली, आम्हीही प्रत्येक जनावर तपासतो, खर्च आमचा, जनावरामागे साधारण वीस डॉलर. अमेरिकेच्या कृषी खात्याने परवानगी नाकारली. त्यासाठी १९१३चा एक कायदा काढला, जो मुळात डुकरांच्या खोट्या लसींना आळा घालायला केलेला होता.

खात्याची एक बाजू खरी होती. ही तपासणी मेंदूच्या ऊतीवर होते आणि कोवळ्या जनावरात रोग असला तरी ती तो पकडू शकत नाही. क्रीकस्टोनकडे येणारी बहुतेक जनावरं कोवळीच. म्हणजे ‘तपासलेलं’ असा शिक्का ग्राहकाला वाटतो तेवढा अर्थपूर्ण नसता. पण विरोधामागे दुसरी भीतीही होती, आणि ती लपलेली नव्हती. एकाने तपासलं की ग्राहक सगळ्यांकडे मागेल, मोठ्या कंपन्यांनाही खर्च करावा लागेल, आणि चुकून एखादा निकाल बाधित आला तर सगळा बाजार पडेल. २००७मध्ये जिल्हा न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट २००८मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो फिरवला.

नवापुरात तपासणी व्हायला हवी होती आणि बाजाराच्या भीतीने ती लांबली. कॅन्ससमध्ये एकाला तपासायचं होतं, आणि त्याला अडवताना इतरांच्या बाजाराचं भान सुटलं नाही. रोगाची तपासणी भावाच्या हातात दिली की ती एकतर लपवली जाते, नाहीतर जाहिरात होते. तिसरा मार्ग एकच आहे आणि तो सरकारी खर्चाचा आहे : विभागाच्या ठिकाणी, म्हणजे नाशिकलाच, जनुकीय तपासणीची सोय, नमुना घेतल्याच्या तासापासून उत्तराची मुदत, आणि पोल्ट्रीवाल्याने पहिला फोन केला त्या क्षणाला शेडमध्ये जेवढे पक्षी होते, मेलेले धरून, तेवढ्यांची भरपाई. हे महाग आहे. पण १९९७मध्ये हाँगकाँगने, याच रोगाने अठरा माणसं आजारी पडून सहा गेल्यावर, काही दिवसांत तिथल्या सगळ्या, दहा लाखांहून जास्त कोंबड्या मारल्या आणि पैसे मोजले. त्या वेळी विषाणू तिथेच अडला.

ऑगस्ट २००६मध्ये भारताने स्वतःला रोगमुक्त जाहीर केलं. नवापूरच्या शेड पुन्हा भरल्या, नवी कर्जं काढून, त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर. फेब्रुवारी २०२१मध्ये त्या शेडमध्ये पुन्हा बर्ड फ्लू आला आणि लाखो पक्षी मारावे लागले.